गाणं कुणाचं? शेवटच्या कडव्यात बघा

कोजागिरीच्या रात्री गावात भजन रंगतं, कुणीतरी ते मोबाईलवर घेतं, दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर चढवतं आणि खाली लिहितं: 'गीत : पारंपरिक'. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत गायली जाणारी कितीतरी गाणी अशी रातोरात बिनधन्याची होतात. 'पारंपरिक' हा शब्द रिकामी जागा भरायला वापरायचा नसतो. हे गाणं कुणा एकाने लिहिलेलं नाही, पिढ्यांनी मिळून घडवलं, असा तो दावा आहे. मुली म्हणतात त्या भुलाबाईच्या गाण्याला तो शोभतो. तुकडोजी महाराजांच्या भजनाला किंवा वामनदादा कर्डकांच्या भीमगीताला तो लावला, तर लिहिणाऱ्याचं नाव पुसलं जातं.

खरं तर आपल्याकडच्या बहुतेक रचनांमध्ये कर्त्याने आपलं नाव गाण्यातच ओवून ठेवलेलं असतं. ते कुठे असतं, का हरवतं आणि हरवलं तर कसं शोधायचं, ते एकदा समजलं की गाणं ऐकण्याची गोडीही वाढते.

आधी गाण्याचे भाग. भजनाच्या वहीत पहिल्या ओळीपुढे ॥धृ॥ असतं, ते धृपद. दर कडव्यानंतर साथीदार तेच उचलतात. मग ॥१॥, ॥२॥ अशी कडवी. शेवटच्या कडव्यात कर्त्याचं नाव येतं. त्याला नाममुद्रा म्हणतात, बोलताना छाप. गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'चाल :' आणि पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याची ओळ असते. हिंदी भजन असेल तर 'तर्ज :'. छाप आणि चाल हे दोन सर्वांत मोठे पुरावे. भजन उतरवून घेताना पोरं नेमकं हेच दोन गाळतात.

छाप वाचणं सोपं वाटतं, पण तिथे फसगतही होते. तुकाराम महाराजांची 'तुका म्हणे', नामदेवांची 'नामा म्हणे', चोखोबांची 'चोखा म्हणे', जनाबाईंची 'जनी म्हणे', सेना महाराजांची 'सेना म्हणे'. अक्षरं मोजा. पाचही ठिकाणी चारच भरतात. मोजताना जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे 'म्ह' एक आणि 'णे' एक. आता मोठ्या अभंगाचा साचा बघा. एका कडव्यात चार चरण, अक्षरं ६, ६, ६ आणि ४. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. सगळ्यांच्या ओळखीचं कडवं घेऊ:

तुका म्हणे माझे (६) / हेचि सर्व सुख (६) / पाहीन श्रीमुख (६) / आवडीने (४)

यात 'तुका'च्या जागी 'नामा' किंवा 'सेना' घातलं तरी साचा हलत नाही, यमक बिघडत नाही, टाळाचा ठेका चुकत नाही. म्हणूनच एकाचा अभंग दुसऱ्याच्या नावावर सहज जातो. नामदेवांच्या गाथेत तर विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्या रचना मिसळल्या गेल्या, कारण दोघांचीही छाप 'नामा'. तेव्हा नुसत्या चार अक्षरी छापेवर निकाल देऊ नका. छापील गाथेत अभंग सापडतो का, ते बघाच.

'एका जनार्दनी'ची गोष्ट वेगळी. ती सहा अक्षरं आहेत, अख्खा चरण तिनेच भरतो, आणि शिवाय नाथांच्या गुरूंचं नाव तिच्यात आहे. ती काढून दुसरी घालायची तर पूर्ण चरणच नवा करावा लागतो. त्यामुळे ही छाप जास्त टिकाऊ.

आता आपल्या मुलखातली छाप. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे. जन्म १९०९, निर्वाण १९६८. मोझरीला गुरुकुंज आश्रम त्यांनीच उभा केला. त्यांची छाप 'तुकड्या म्हणे', 'तुकड्यादास' अशी येते. ग्रामगीतेच्या अध्यायांच्या समारोपातही 'तुकड्यादास' भेटतो. पुन्हा मोजा. तु-क-ड्या-म्ह-णे, पाच अक्षरं. 'तुका म्हणे'पेक्षा एक जास्त. पण गर्दीत, भोंग्यावर, खंजिरीच्या (कडीत झांजा बसवलेल्या हातातल्या वाद्याच्या) झणत्कारात 'तुकड्या' आणि 'तुका' यांतला फरक कानाला पकडता येत नाही. ऐकून वही लिहिणारा सवयीने 'तुका म्हणे' लिहून मोकळा होतो आणि विसाव्या शतकातलं भजन सतराव्या शतकात जाऊन बसतं. ओळ मोजली की चोरी सापडते: बाकीची कडवी नीट भरलेली आणि छापेच्या ओळीत एक अक्षर कमी. गाताना 'का' लांबवून ती पोकळी भरून काढता येते, कागदावर मात्र ती लपत नाही. त्यातून गाण्यात ग्रामसफाई, व्यसनमुक्ती किंवा सामुदायिक प्रार्थनेचा विषय असेल, तर उत्तर जवळजवळ हातात आलंच.

नाव हरवण्याचं मुख्य कारण मात्र कानाची चूक नाही. शेवटचं कडवं म्हटलंच जात नाही, हे आहे. भजनस्पर्धेत वेळ ठरलेली असते, मग गायक धृपद, पहिलं कडवं, दुसरं कडवं घेतो आणि थेट गजरावर जातो. मधलं एखादं कडवं गाळून छापेचं म्हटलं असतं तरी तेवढाच वेळ लागला असता. आणि म्हटलं जातं तेव्हाही ते दुगुणीत म्हटलं जातं. भजन चढत जातं, शेवटच्या कडव्याला लय दुप्पट, टाळ्या, टाळ आणि खंजिरी एकदम तापलेली. खंजिरीच्या कडीत बसवलेल्या छोट्या झांजांचा आवाज फार उंच पट्टीचा असतो, आणि त, क, स, ट ही व्यंजनं ज्यांमुळे ओळखू येतात तो कडक, बारीक आवाजही त्याच भागात पडतो. झांजा त्याला झाकून टाकतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं जातात. नाव व्यंजनांनीच ओळखू येतं, म्हणून नेमकं नाव जातं.

कधी छाप मुळातच नसते. 'या झोपडीत माझ्या' ही तुकडोजी महाराजांची रचना सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, पण लोकांच्या तोंडी जे रूप आहे त्यात त्यांचं नाव येत नाही. छाप नाही म्हणून कर्ता नाही, असं होत नाही. अशा वेळी छापील संग्रहाकडे जायचं. जुन्या भजनसंग्रहांत काही ठिकाणी भजनाखाली गाव आणि तारीखही असते. ती मिळाली तर सोनं.

दुसरा पुरावा चाल. आपल्याकडे भजन, भीमगीत, दंडार या लोकनाट्यातलं गाणं, सगळ्यांत ओळखीच्या चालीवर नवे शब्द बांधण्याची रीत आहे. त्यात कमीपणा नाही. चाल ओळखीची असली की साथीदार दुसऱ्याच ओळीला झील धरतात, म्हणजे मागून सूर लावतात, आणि शब्द लगेच गावभर होतात. शोधणाऱ्यासाठी चालीचा फायदा असा, की सिनेमाचं साल ठाऊक असतं. वहीत 'चाल : बहारों फूल बरसाओ' असेल, तर तो 'सूरज' सिनेमा १९६६ चा. त्या चालीवरचं भजन त्याआधीचं असणार नाही. आता समजा 'चाल : मैं तो आरती उतारूँ रे' आहे आणि शेवटी 'तुकड्यादास' आहे. 'जय संतोषी माँ' आला १९७५ मध्ये, महाराज गेले १९६८ मध्ये. मग दोनच शक्यता उरतात. एकतर जुन्या शब्दांना मंडळाने नवी चाल लावली, किंवा शब्द दुसऱ्या कुणाचे आणि छाप श्रद्धेने जोडलेली.

यातलं खरं कोणतं, ते शब्दांच्या वजनावरून कळतं. मूळ चालीसाठी लिहिलेल्या ओळीत दीर्घ अक्षर दीर्घ सुरावर पडतं. नंतर चाल बदलली असेल तर ऱ्हस्व अक्षरं ओढावी लागतात, मध्येच 'हो', 'रे', 'जी' अशी भर घालावी लागते. दोन कडव्यांत चार ठिकाणी 'हो' घालावा लागत असेल, तर चाल मागाहून आलेली समजा आणि छापेवर विश्वास ठेवा.

भीमगीतांत हे तंत्र फार उपयोगी. वामनदादा कर्डक जन्मले १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला, पण त्यांची गाणी १४ एप्रिलला विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत लोक आपल्याच घरची असल्यासारखी गातात. छाप साधी, 'वामन'. धोका असा की तीन अक्षरांचं नाव काढून गाण्याच्या पार्टीचा गायक आपलं तीन अक्षरी नाव सहज बसवतो, आणि कॅसेटच्या काळात हे झालंही. एकच गाणं दोन छापांनी मिळालं तर जुनी वही, जुनं छापील पुस्तक, जुनी कॅसेट यांत जे आधीचं त्याला मान द्या. वामनदादा २००४ मध्ये गेले. त्यांच्याकडून ऐकून उतरवलेल्या वह्या अजून घराघरात असतील. त्या आता बघायला हव्यात.

इथेच आणखी एक गोंधळ निस्तरू. गाणारा आणि लिहिणारा वेगळे असू शकतात. गाडगेबाबांचा 'गोपाला गोपाला' गजर सगळे म्हणतात, पण बाबांच्या कीर्तनात जे अभंग आणि दोहे येत ते तुकोबांचे, कबीराचे. 'गाडगेबाबांचं भजन' याचा अर्थ त्यांनी म्हटलेलं. कीर्तनकार सत्यपाल महाराजांच्या सप्तखंजिरीवर (सात खंजिऱ्यांवर) ऐकलेली ओळही त्यांचीच असेल असं धरून चालू नये. वहीत दोन रकाने ठेवा: 'रचना' आणि 'कुणाकडून ऐकलं'.

तिसरा पुरावा बोलीचा. याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, म्हणून जरा थांबू. प्रमाण मराठीतला 'ळ' पश्चिमेकडे वऱ्हाडीत 'य' होतो: डोळा–डोया, काळा–काया. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या झाडीपट्टीत तोच 'ळ' 'र' होतो: डोळा–डोरा, काळा–कारा. आता उदाहरणासाठी जुळवलेल्या या ओळी बघा:

ढग आला काया काया, वावरावर त्याची माया

ढग आला कारा कारा, संगं घेऊन आला वारा

शाळेत शिकलेला लेखणीवाला दोन्हीकडे 'काळा काळा' असं शुद्ध करून लिहितो आणि दोन्ही यमकं मोडतात. म्हणून उलटं चाला. वहीतलं यमक जुळत नसेल तर 'ळ' असलेला शब्द आधी 'य' लावून म्हणून बघा, मग 'र' लावून. 'य'ने जुळलं तर गाणं वऱ्हाडी तोंडातून आलेलं, 'र'ने जुळलं तर झाडीबोलीतलं. एकाच जागेवर पैज लावू नका, पण तीन-चार ठिकाणी तेच निघालं तर गाण्याचं माहेर कळलं. आणि उतरवताना गायिकेने जसं म्हटलं तसंच लिहा. 'शुद्ध' करणं म्हणजे पुरावा धुऊन टाकणं.

विठ्ठल वाघांची 'तिफन' ही कविता याचं चांगलं उदाहरण. तिफन म्हणजे तीन फणांचं पेरणीचं औत. 'काया मातीत मातीत' यातला 'काया' म्हणजे काळी. ते माहीत नसलेला वाचक 'काया' म्हणजे देह समजून भलताच अध्यात्माचा अर्थ काढतो. 'अरे संसार संसार' या चित्रपटातून ते गाणं घरोघर गेलं, आणि आज कित्येक जण ते लोकगीतच समजतात. कवीला याहून मोठी पावती नसेल, पण नाव लिहिणं त्याने टळत नाही.

काही गाण्यांत मात्र कर्ता शोधूच नये. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली म्हणतात ती भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी. ओवीत नाव आलं तर ती छाप समजू नका. बाई तिथे भावाचं, लेकाचं नाव घालते, आणि दुसऱ्या घरी तीच ओवी दुसऱ्या नावाने म्हटली जाते. इथे 'पारंपरिक' लिहा, पण गायिका, तिचं गाव आणि तिचं माहेर तिला विचारून लिहा. ओव्या लग्नाबरोबर गावं बदलतात, त्यामुळे माहेर लिहिलं नाही तर ओवी कुठून आली ते कळायची वाट बंद होते. नाव लिहायला ती नको म्हणाली तर गाव आणि माहेर तेवढं लिहा.

आता प्रत्यक्ष काम. रेकॉर्डिंग भोंग्यासमोर बसून करू नका. भोंगा आवाज फाडतो आणि फोनचा माईक भरून जातो. गायकापासून दीड-दोन मीटरवर, खंजिरीवाल्याच्या उलट बाजूला बसा, फोन विमान मोडवर टाका, खाली जाड कापड ठेवा म्हणजे सतरंजीवरचा ठोका माईकमध्ये येणार नाही. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, मंडळ बोला. फाईलचं नाव बदलतं, हरवतं. आत बोललेलं जात नाही. ॲपमध्ये वेव्ह प्रकार मिळत असेल तर तो घ्या. नेहमीच्या दर्जाला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे तासाला ६०० च्या आसपास. आधी जागा मोकळी करा, नाहीतर ऐन रंगात फोन बंद पडतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधं पाठवलं तर आवाज दाबला जाऊ शकतो, आणि दाबलेल्या आवाजात आधी व्यंजनंच जातात.

तेवढ्याने भागत नाही. कार्यक्रमातलं रेकॉर्डिंग चालीसाठी, शब्दांसाठी वेगळं घ्यावं लागतं. त्याची एक हमखास वेळ आहे. रात्री दव पडलं की कातड्याची खंजिरी सैल होते, आवाज बसतो, मग ती शेकोटीवर शेकावी लागते. त्या पाच-दहा मिनिटांत मुख्य गायकाजवळ जा आणि म्हणा, 'भाऊ, आत्ताच्या भजनाचं शेवटचं कडवं नुसतं बोलून दाखवा.' गाऊन नको, बोलून. गाताना सवयीने चुकीचा शब्दही सुरात निघून जातो, बोलताना माणूस अडखळतो, आणि जिथे अडखळतो तिथे शब्द बदललेला असण्याची शक्यता जास्त. प्लास्टिकची खंजिरी असेल तर शेकायचा प्रश्नच नाही, मग चहाची वेळ धरा.

जुन्या वहीचे फोटो दिवसा, दाराजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून घ्या. मुखपृष्ठापासून सुरू करा आणि कोरी पानंही सोडू नका, म्हणजे मधलं पान निसटलं का ते पुढे कळतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका: काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डिंक शाईत उतरतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, तापलेलं प्लास्टिक एकदा चिकटलं की पान पुन्हा सुटं होत नाही. वही घरच्यांकडेच राहू द्या, फोटो पुरेत.

यूट्यूबवर टाकायचं असेल तर कायद्याचं एवढं ध्यानात ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कर्ता गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. तुकडोजी महाराजांच्या हयातीत छापलेल्या रचनांचा २०२८ अखेरपर्यंत, वामनदादांच्या रचनांचा २०६४ अखेरपर्यंत. हौशी मंडळाने तिकीट न लावता गावात म्हटलं तर कायद्याने मोकळीक आहे. ध्वनिमुद्रण करून चॅनेलवर टाकणं त्यात धरू नका, तिथे हक्कधारकाची परवानगी लागते. सिनेमाची चाल वापरली असेल तर चालीचा हक्क आणखी वेगळा, आणि बरेचसे व्हिडिओ शब्दांमुळे नाही तर चालीमुळे खाली उतरवले जातात. कर्त्याचं नाव त्याच्या रचनेसोबत यावं, हाही कायद्याने मानलेला हक्क आहे.

वहीतली नोंद अशी करा. समजा ऐकलेल्या भजनात छाप अर्धवट आहे:

पहिली ओळ : (जशी म्हटली तशी, बोलीसकट)
चाल : कळली नाही; गुणगुणून फाईलच्या शेवटी ठेवली
छाप : 'तुक…' एवढंच ऐकू आलं, पुढे खंजिरी, ओळीत पाच अक्षरांची जागा
यमक : तिसऱ्या कडव्यात 'य' लावूनच जुळतं
रचना : तुकड्यादास असावी, छापील संग्रहात बघायचं आहे
ऐकलं : गाव, तिथी, मुख्य गायक (विचारून)
गाळलेलं : दुसरं कडवं म्हटलं नाही, पुढच्या एकादशीला विचारायचं